दुष्काळातले जोतीराव

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरच्या डोंगरावर पाऊस कोसळत असतो, त्याच दिवसांत खटाव-माणच्या माळावर लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. या कटगुणात जोतीरावांच्या पणजोबांकडे चौगुल्याचे काम होते. गावच्या कुलकर्ण्याशी वैर आले, गाव सोडावे लागले आणि हे गोऱ्हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस येऊन राहिले. पुढे आजोबांच्या काळात ते पुण्यास आले, फुलांच्या व्यवसायात स्थिरावले आणि फुले म्हणून ओळखले जाऊ लागले. चरित्रकार ही हकिकत दोन-चार ओळींत सांगून पुढे जातात. आम्हांला मात्र ती महत्त्वाची वाटते. कारण कोरडवाहू मुलुख आणि गावकामगाराची लेखणी या दोहोंनी शेतकऱ्याचे काय होते, याची आठवण या घराण्याबरोबर पुण्यापर्यंत आली होती.

दर वर्षी ११ एप्रिलला व २८ नोव्हेंबरला आमच्या विद्यार्थ्यांची भाषणे होतात. ती भिडेवाड्यापाशी सुरू होतात आणि बहुधा भिडेवाड्यापाशीच संपतात. मुलींच्या शाळेचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. ती शाळा नसती तर आमच्यापैकी पुष्कळांच्या हाती खडू आला नसता. परंतु आमच्या वसतिगृहातील बरीच मुले कोरडवाहू शेतकऱ्यांची, भूमिहीन शेतमजुरांची व ऊसतोड कामगारांची आहेत. दसरा झाला की त्यांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. या मुलांना जोतीरावांच्या आयुष्यातील आणखी एक साल माहीत असले पाहिजे. ते साल म्हणजे १८७७.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई लवकर वारल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढविले. थोडे शिक्षण झाले तोच, कुणब्या-माळ्याच्या मुलाला विद्या कशाला, असे सांगणारे भेटले व वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यावर नेले. मधली काही वर्षे या मुलाने खुरपे धरले, मोटेचे पाणी पाटाने वाफ्यात सोडले. शेजारचे गफार बेग मुनशी आणि लेजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली तो पुन्हा शाळेत गेला. शाळा सुटलेल्या त्या वर्षांना चरित्रकार वाया गेलेला काळ मानतात. आमचे मत निराळे आहे. पाणी उताराने कसे धावते, माती त्याच्याबरोबर कशी जाते आणि वाफ्याला किती पाणी पुरते, हे पुढे त्यांनी ज्या बारकाव्याने लिहिले ते मिशनच्या शाळेत शिकविले जात नव्हते.

१८४८ ची शाळा, १८४९ मध्ये सोडावे लागलेले घर, महार-मांगांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळा हे सर्वश्रुत आहे. १८५५ च्या रात्रशाळेचा उल्लेख मात्र क्वचित होतो. दिवसभर शेतात आणि कामावर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी जोतीराव व सावित्रीबाई यांनी ती चालविली. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. समतेचे कृत्य म्हणून आपण त्याचा गौरव करतो आणि ते योग्यच आहे. पण दुष्काळ भोगलेल्या माणसाने त्याच हौदाकडे पाहावे. पाऊस बरा असतो तेव्हा अस्पृश्याला नदी-ओढ्याचे पाणी तरी मिळते. ओढे आटले की गावात पाणी उरते ते विहिरीत, आणि विहिरीवर त्याला हात लावू देत नाहीत. अवर्षण सर्वांवर येते. पण पाण्याची पहिली टंचाई महारवाड्यात आणि मांगवाड्यात येते. जोतीरावांनी शूद्र आणि अतिशूद्र हे दोन शब्द आयुष्यभर जोडूनच वापरले, त्यामागे हे पाहणेही असले पाहिजे.

आता दख्खनच्या शेतकऱ्याची त्या वेळची स्थिती थोडी सांगितली पाहिजे. इंग्रज सरकारने तीस वर्षांच्या मुदतीने जमिनीची पाहणी करून सारा ठरवून दिला होता. १८६७ च्या सुमारास ती मुदत इंदापूरपासून संपू लागली आणि नव्या आकारणीत सारा भरमसाट वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरवशावर सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपताच भाव कोसळला, कर्ज तसेच राहिले आणि वर वाढीव सारा आला. मुदतीच्या कायद्यामुळे तीन वर्षांनी जुने कर्जखत निकामी होई, म्हणून सावकार मुद्दल-व्याज एकत्र करून नवे खत लिहवून घेई. त्यावर निशाणी-अंगठा करणाऱ्याला आकडा वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून त्यांची होळी केली. पुणे व नगर जिल्ह्यांत हा वणवा पसरला. लोकांनी माणसे मारली नाहीत, कागद जाळले; इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला ही गोष्ट फार बोलकी वाटते. अक्षरशत्रू ठेवलेल्या माणसाला आपला खरा वैरी कोणता ते नेमके कळले होते. याच्या दोनच वर्षे आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाज स्थापन झाला होता.

आणि १८७६ साली पाऊस गेला. दख्खन, कर्नाटक, मद्रास, म्हैसूर अशा विस्तीर्ण टापूत दोन वर्षे दुष्काळ राहिला व लाखो माणसे मेली. देशात धान्य अजिबात नव्हते असे नाही. आगगाडीने ते बंदरांकडे जात होते आणि परदेशी निर्यातही होत होते. १ जानेवारी १८७७ रोजी व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत थाटाचा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची रोजी एक रतल, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्याच्या हिशेबाने बांधून दिली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला तेवढ्यावर जगता येईल, असा सरकारी हिशेब होता. मजुरांनी कामे सोडून त्याला उत्तर दिले.

या दिवसांत जोतीराव व त्यांचे सहकारी यांनी पुण्याच्या दक्षिणेस, साताऱ्याच्या वाटेवरील धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. आईबापांनी टाकून दिलेली, वाटेवर चुकलेली, गावोगावहून पोट खपाटीला गेलेली मुले तेथे आणून त्यांना जेवू घातले जात होते. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने जाहीर विनंतीपत्रक काढून लोकांना मदतीचे आवाहन केले. आश्रमाच्या नावाविषयी आजच्या वाचकाला खटकेल, आम्हांलाही खटकते. ज्या राणीच्या राज्यात मुले भुकेने मरत होती तिचेच नाव मुलांना जगविणाऱ्या आश्रमाला का द्यावे? परंतु जोतीराव त्या काळी सरकारी दाराशीही मदत मागत होते, राणीच्या न्यायबुद्धीवर त्यांचा विश्वास होता, आणि भाकरीसाठी एखादे नाव वापरावे लागले तर त्यांनी ते वापरले. उपाशी मुलाच्या ताटाशी बसून नावाचा वाद घालण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुष्काळात मोठ्या माणसाला काम मिळे, निदान तशी योजना तरी होती. मूल कामाला निरुपयोगी, म्हणून ते सर्वांत आधी हिशेबाबाहेर पडत असे. जोतीरावांनी नेमके मुलांनाच आधी धरले. निवासाची, जेवणाची आणि देखरेखीची सोय एके ठिकाणी करून दुष्काळी मुलुखातील पोरांना जगविणारी ती व्यवस्था पाहिली, की आमच्यासारख्या निवासी विद्यालयात काम करणाऱ्यांना आपले मूळ कुठे आहे ते कळते.

सावित्रीबाई त्या वेळी जुन्नरकडे होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पाठविलेल्या पत्रात त्या भागाचे वर्तमान आहे. साल उलटले तरी दुष्काळ हटला नव्हता, जनावरे तडफडून मरत होती, लोक गाव सोडून चालले होते आणि सावकार अशा वेळीही वसुलीचा निर्दयपणा सोडत नव्हते. त्यातून दंगा उसळला. पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांना धरले. सावित्रीबाईंनी कलेक्टरसमोर उभे राहून, मदतकार्य करणाऱ्या माणसांवर खोटे आळ का घेता, असा जाब विचारला. कलेक्टर सज्जन निघाला. त्याने माणसे सोडलीच, शिवाय ज्वारीच्या चार गाड्या पाठवून दिल्या. दुष्काळाच्या मदतकार्यात धान्य वाटणे जितके निकडीचे, तितकेच धान्य वाटणाऱ्यांना तुरुंगातून सोडविणेही निकडीचे असते, हे त्या पत्रावरून समजते. एकोणिसाव्या शतकातील एक शेतकरी घरची स्त्री नवऱ्याच्या गैरहजेरीत हे करीत होती.

१८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हॉइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीसाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा बत्तीस सभासदांत विरोध करणारे ते एकटे निघाले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रस्ताव मंजूर झालाच.

परंतु भाकरी वाटून दुष्काळ संपत नाही, हे जोतीराव जाणून होते. ते केवळ लेखक वा वक्ते नव्हते; बांधकामाचे ठेकेदार होते. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा व्यवसायाने संबंध आला. सरकारी बांधकामात पैसा कुठे मुरतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. खडकवासल्याचा कालवा झाल्यावर त्याच्या पाण्याखाली मांजरी येथे जमीन घेऊन त्यांनी स्वतः बागायत केली. कालव्याचे पाणी घ्यायला शेतकरी बिचकत होते. त्यांना दाखविण्यासाठी आधी स्वतःच्या रानात पाणी खेळवावे, ही त्यांची रीत होती.

या सगळ्या अनुभवाचा अर्क १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात उतरला आहे. त्याची पहिली प्रकरणे धर्माच्या नावाने आणि सरकारी कचेऱ्यांच्या नावाने शेतकऱ्याची लूट कशी होते ते सांगतात. चौथ्यात कलेक्टराच्या मुक्कामावरून हात हलवीत परतणारा एक शेतकरी आपल्याशीच बोलत चालला आहे. त्याचे घर, त्याची भांडी, त्याची चूल यांचे वर्णन लेखकाने इतके तपशिलाने केले आहे की इतिहासाच्या अभ्यासकाला दुसऱ्या कागदाची गरज भासू नये. पण दुष्काळाच्या दृष्टीने वाचावे ते पाचवे प्रकरण. तेथे जोतीराव उपाय सांगू लागतात.

त्यांचे पहिले म्हणणे मातीविषयी आहे. डोंगरावरून पावसाचे पाणी उतरते तेव्हा झाडांचा पाला, मेलेल्या किड्यांचे व जनावरांचे अंश, शेण असे सकस द्रव्य बरोबर आणते. पूर्वी ते शेतात मुरत असे. आता ते ओढ्यानाल्यांतून वाहून जाते आणि जमीन दर वर्षी निकस होते. म्हणून सरकारने लष्करातील व पोलिसांतील बिनकामाच्या शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे अशा बेताने घालावेत की पावसाचे पाणी आधी एकूण शेतांत मुरेल आणि मगच नदीनाल्याला मिळेल. डोंगरटेकड्यांमधल्या खोऱ्यांत जमतील तितकी तळी व तलाव बांधावेत, म्हणजे खालच्या ओढ्यानाल्यांना व विहिरींना पाणी टिकेल. नदी-तलावांतला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. जंगलखात्याने घशात घातलेली गायराने गावांना परत करावीत. जाणत्या पाणाड्यांकडून ठिकठिकाणचे झरे शोधून नकाशावर दाखवावेत आणि सरकारी मदतीवाचून विहीर खणणाऱ्याला बक्षीस द्यावे.

आजच्या कृषी अधिकाऱ्याच्या भाषेत याला पाणलोट क्षेत्र विकास म्हणतात. त्या शब्दाचा जन्म व्हायचा होता, तेव्हा पुण्याच्या एका माळ्याने त्यातली मुख्य गोष्ट ओळखली होती: पाणी जिथे पडते तिथे आधी मुरले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या शिवारात जाऊन हे पडताळून पाहावे. उताराला आडवी नांगरट केलेले रान आणि उताराच्या दिशेने नांगरलेले रान, दोन्हींतून एका जोरदार सरीनंतर ओघळणारे पाणी पाहिले तरी पुरे. एक पाणी निवळ असेल, दुसरे गढूळ. त्या गढूळपणात पुढच्या सालचे पीक चाललेले असते.

कालव्याच्या पाण्याविषयीही त्यांनी लिहिले आहे. पाटबंधारे खाते पाणीपट्टी घेते. पण कोणाच्या शेताला नेमके किती पाणी मिळाले याची फिकीर करीत नाही. शेतकरी पाण्यासाठी अधिकाऱ्याचे उंबरे झिजवतो आणि पीक उभ्याने जळते. यावर जोतीरावांचा तोडगा ठेकेदाराला सुचावा असा आहे: प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी मोजून मिळण्यासाठी तोटीची व्यवस्था करावी. म्हणजे कारकुनाची मर्जी राखण्याचे कारणच उरणार नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्यांची जमीन आहे त्या पालकांना यातले मर्म आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

याशिवाय चांगल्या जातीची मेंढरे-बकरी आणून लोकर व खत वाढवावे, शेतमालाची प्रदर्शने भरवावीत, नांगर हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशी शेतकीच्या शाळा पाहण्यास पाठवावे, रानडुकरांनी पीक खाल्ले तर भरपाई द्यावी, अशा किती तरी सूचना आहेत. शेतकऱ्यालाही त्यांनी सोडलेले नाही. लग्नकार्यातला खर्च, लहानपणी होणारी लग्ने, एकाहून अधिक बायका करण्याची हौस यांवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. आज हुंड्यापायी आणि मांडवापायी झालेले कर्ज किती घरांना बुडविते हे आम्ही पालकसभेत ऐकतो. बियाणाचे कर्ज एका चांगल्या हंगामात फिटू शकते. मांडवाच्या कर्जाला हंगामच नसतो.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी हाच धागा शाळेपर्यंत नेला. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गाकडे जातो, हे त्यांनी मांडलेच. पण प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे ज्ञान द्यावे, त्याला लहानशा नमुना-शेताची जोड असावी, हेही त्यांनी सुचविले. शाळेने मुलाला शेतापासून तोडू नये. शेती डोळसपणे करण्याची किंवा डोळसपणे सोडण्याची ताकद त्याला द्यावी, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

जोतीरावांच्या विचारांना मर्यादा होत्या का? होत्या. इंग्रज सरकारला खरी स्थिती समजली की ते न्याय करील, ही त्यांची आशा फार मोठी होती. दुष्काळानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, १८८३ व १८८४ मध्ये तगाईचे कायदे झाले. पण सारा कमी झाला नाही. दुसरे असे की ‘असूडा’तील उपाय मुख्यतः जमीन असलेल्या शेतकऱ्यासाठी आहेत. ज्याच्या नावावर बांधच नाही त्याने ताल कोठे घालावी? हा पुढचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती घेतला. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला व शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनी कमी केल्याशिवाय तुकड्यांचा प्रश्न सुटणार नाही असे दाखविले. १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर व महानदीच्या खोऱ्यांतील धरणांच्या धोरणाला आकार दिला. बुद्ध, कबीर आणि फुले यांना ते गुरू मानीत.

न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली असे प्रतिपादन केले तेव्हा जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘इशारा’ लिहून त्याचा प्रतिवाद केला. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. जरीच्या पागोट्यांच्या आणि दागिन्यांच्या त्या मेळ्यात जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या जाड्याभरड्या वेषात गेले आणि खरी प्रजा पाहायची असेल तर खेड्यात या, अशा अर्थाचे राणीच्या मुलाला ऐकविले. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या कष्टकरी जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अग्नी देण्याच्या वेळी टिटवे धरण्यास सावित्रीबाई पुढे झाल्या.

‘असूडा’चे मात्र एक दुर्दैव आहे. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ पत्रात छापली गेली. पुढची छापण्यास संपादक नारायण मेघाजी लोखंडे धजले नाहीत. लोखंडे हे जोतीरावांचेच सहकारी आणि कामगारांचे पुढारी. पण सरकारी रोषाची भीती त्यांना वाटली असावी. त्यामुळे बंधाऱ्यांचे, गाळाचे, झऱ्यांचे, तोट्यांचे प्रकरण न छापलेल्या भागात राहिले. जोतीराव ते हस्तलिखित घेऊन हिंडले. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर येथे त्यांनी ते लोकांना वाचून दाखविले; बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. सावित्रीबाईंनी जेथून दुष्काळाचे पत्र लिहिले त्या ओतूरच्या शेतकऱ्यांनी बंधाऱ्याचा हा विचार लेखकाच्या तोंडून ऐकला असेल. त्यांच्या हयातीत संपूर्ण ग्रंथ छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये समग्र वाङ्मय काढले, त्यात तो आला. तीन वर्षांनी, १९७२ साली, महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. गावोगावच्या मजुरांनी आधी रस्त्यांसाठी खडी फोडली. नालाबांधाची व पाझर तलावाची कामेही निघाली, तेव्हा पाचवे प्रकरण लिहून एकोणनव्वद वर्षे झाली होती.